नदी धरून खानदेश

खानदेशात स्वतःची गाडी घेऊन फिरायचं ठरलं, की नकाशावर आधी तापी शोधावी, रस्ते मागाहून. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहणारी ही नदी सुरतेजवळ समुद्राला मिळते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचा सगळा भूगोल तिनंच ठरवला आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधे काळ्या गाळाचं लांबट खोरं. दक्षिणेकडून पांझरा, बोरी, गिरणा, वाघूर या नद्या तापीकडे येतात, तर सातपुड्यातून अनेर, मोर, सुकी अशा आखूड आणि उतावळ्या नद्या उतरतात. जुनी गावं, गढ्या, देवळं, बाजार हे सगळं या उपनद्यांच्या काठानं वसलेलं आहे. महामार्ग मात्र पूर्व-पश्चिम धावतो आणि या नद्यांना एकामागून एक नुसता ओलांडत जातो. सुरत-नागपूर रस्त्यानं, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ नं, धुळ्याहून जळगावचे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर दोन तासांत संपतात. तेवढ्यात पारोळा, एरंडोल ही नावं पाटीवर वाचून होतात आणि खानदेश मागे पडतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की महामार्ग फक्त एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्यापुरता वापरावा आणि फिरावं ते नदी धरून, डोंगराकडून तापीकडे.

दिवस कोणते निवडायचे हे इथं हौसेवर सोडता येत नाही. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि त्या उन्हात दुपारी बाराला किल्ला चढणं म्हणजे आजारपणाला निमंत्रण. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात, धबधबे सुटतात, पण काळी माती तेव्हा आपला गुण दाखवते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षी त्यामुळे वरखाली होतो, आणि डांबर सोडून चाक बाजूपट्टीवर गेलं तर रुततं. छोट्या रस्त्यांवर नदी-नाले ओलांडायला पुष्कळ ठिकाणी पूल नसून फरशी असते. डोंगरात पाऊस झाला की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही फरशीवरून पाणी वाहू लागतं. गुडघाभर पाणी दिसलं तरी गाडी घालू नये, थांबावं. या आखूड नद्यांचा पूर जसा चढतो तसा उतरतोही.

उरला तो दिवाळीनंतरचा काळ, साधारण महाशिवरात्रीपर्यंत. हवा कोरडी, पहाटे थंडी, शेतात कापूस फुटलेला, तुरीला शेंगा, बाजारात भरताची वांगी. मात्र याच काळात रस्त्यावर कापसानं भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. माल दोन्ही बाजूंना इतका बाहेर आलेला असतो की मागचा दिवा झाकला जातो. अंधारात ते ओझं दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम खानदेशात कडक पाळावा.

आणखी एक गोष्ट नकाशावर चटकन ध्यानात येत नाही. तापीचं पात्र रुंद आहे आणि तिनं स्वतःच्या गाळात खोल घळी पाडल्या आहेत, त्यामुळे तिला हवं तिथं ओलांडता येत नाही. समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथं पोचायला बराच वळसा पडतो. शिरपूरजवळ सावळदे, अमळनेर-चोपडा रस्त्यावर सावखेडा आणि निमगव्हाण यांच्यामधला पूल, जळगावहून यावल-चोपड्याकडे जाताना विदगाव, अशा ठिकाणी ती पार करता येते. दक्षिण काठाचे दिवस वेगळे आणि उत्तर काठाचे वेगळे ठेवले, तर रोजचे तास-दीड तास वाचतात.

पहिली नदी पांझरा घ्यावी. ती साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वर डोंगरात उगम पावते, साक्रीवरून धुळ्याला येते, तिथून उत्तरेला वळून बेटावदवरून जाते आणि मुडावदला कपिलेश्वराच्या देवळाजवळ तापीला मिळते. धुळे ते पिंपळनेर अंतर सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर. या पट्ट्यात पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट कुठल्याही पर्यटनाच्या फलकावर नाही, ती शेतात आहे. फड बागायत ही इथली तीन-चारशे वर्षांची सिंचनाची रीत. नदीत खडकाचा आधार असलेली जागा पाहून गावानं दगड-चुन्याचा बंधारा घातला. बंधाऱ्याच्या कडेनं पाट काढला. पाटाखालची सगळी जमीन काही मोठ्या तुकड्यांत वाटली, तेच फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. यंदा या फडात ऊस असेल तर पुढं तो दुसऱ्यात जाईल. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते, त्यामुळे उसाचं सुख आणि कोरड्या पिकाचा वाटा दोन्ही सगळ्यांच्या पदरात पडतात. पाणी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, त्यांच्यावरचा हवालदार ही माणसं गावानं नेमायची आणि त्यांचा मोबदला पिकातून द्यायचा. पाटाचा गाळ काढायचं काम सगळ्यांनी मिळून करायचं. आज इंजिनं, विहिरी आणि वरची धरणं आल्यावर बऱ्याच गावांत ही घडी मोडली आहे. तरी पांझरेच्या काठचे जुने बंधारे, पाट आणि सांडवे उभे आहेत. पाण्याची वाटणी भांडणावाचून कशी करता येते, हे त्या दगडांत वाचता येतं. गाडी रस्त्याच्या कडेला लावून पाटाच्या बांधानं चालत जावं. मळ्यात कोणी नाना, आप्पा भेटले तर फडाबद्दल विचारावं. या विषयावर इथली म्हातारी माणसं मोकळेपणानं बोलतात, आणि बोलणं इथल्या अहिराणी बोलीत सुरू झालं तरी मराठी माणसाला अडत नाही.

याच पट्ट्यात दातर्तीला पांझरेच्या पात्राखालून नळाचा सायफन घालून पाणी पलीकडे नेण्याचं काम १८८४ च्या सुमारास मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नुकत्याच लागलेल्या एका तरुण सहायक अभियंत्यानं केलं. ते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढं देशभर गाजलेल्या या अभियंत्याच्या नोकरीतलं हे अगदी सुरुवातीचं काम आपल्या धुळे जिल्ह्यातलं आहे, हे धुळेकरांनी अधिक अभिमानानं सांगायला हवं.

साक्री तालुक्यात दोन फाटे घेण्यासारखे आहेत. निजामपूरच्या बाजूला भामेर, डोंगराच्या पोटात कोरलेल्या ओळीनं गुहा आणि खाली जुन्या राजधानीचे दगडी अवशेष. दुसरं बळसाणे, जुन्या देवळांचा समूह आणि विमलनाथाचं जैन तीर्थ. वेळ कमी असेल तर भामेर निवडावं.

धुळे शहराला निदान एक पूर्ण सकाळ द्यावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव पायपीट करून मिळवलेले कागद, नाणी, मूर्ती तिथं जपल्या आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या रामदासी हस्तलिखितांचा ठेवा आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी एक अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती भराभर लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यामुळे आपल्याला मिळालं. एका जिल्ह्याच्या गावात एवढं अक्षरधन असणं सोपं नाही. राजवाडे मंडळात किंवा वाग्देवता मंदिरात जाताना आधी फोन करून वेळ विचारावी, कारण अशा संस्था थोड्या माणसांच्या बळावर चालतात.

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्ता धरला, तर दक्षिणेला आठ-दहा किलोमीटरवर लळिंगचा किल्ला रस्त्यालगतच उभा आहे. सकाळी लवकर चढून यावा. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. वर किल्ला आणि खाली तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचं गाव, तिथं हातोड्याचे ठोके ऐकू येतात. आणखी पुढं शिरपूर तालुक्यात थाळनेर. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजा फारुकीनं इथं आपलं ठाणं केलं आणि खानदेशाच्या फारुकी राजवटीची सुरुवात तापीच्या या काठावर झाली. पुढं वैभव बुऱ्हाणपूरला गेलं आणि थाळनेरला सुलतानांच्या कबरी उरल्या. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉपनं किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिलं. किल्ल्याची बरीच पडझड झाली आहे. तरी तापीवरचा बुरूज आणि खालचं पात्र पाहिलं, की उताराच्या या जागेवर कोणाचा ताबा आहे याला इतकी किंमत का होती, ते समजतं.

बोरी नदीवरचं अमळनेर हे माझ्या मते या भागातलं सर्वांत चांगलं मुक्कामाचं गाव. धुळ्याहून ते पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे. इथं साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी सांभाळत होते. इथंच प्रताप शेठजींच्या दानातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर निघालं, जिथं देशभरातले अभ्यासक राहून वेदान्त आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचत. इथंच १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली, तीच आजची विप्रो. नदीच्या वाळवंटात सखाराम महाराजांची समाधी आहे आणि गावाजवळ मंगळग्रहाचं देऊळ. २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथं भरलं. शाळा, तत्त्वज्ञान, तेल आणि संत एवढं सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात असलेलं दुसरं तालुक्याचं गाव मला ठाऊक नाही.

गिरणेच्या बाजूला चाळीसगाव. रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या घरात छायाचित्रकार केकी मूस जवळपास पन्नास वर्षं फारसे बाहेर न पडता राहिले. टेबलावर वस्तू मांडून, प्रकाश खेळवून त्यांनी डोंगर, बर्फ, वादळं छायाचित्रांत उभी केली. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. त्या घराचं आता संग्रहालय आहे आणि ते चुकवू नये.

चाळीसगावहून अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. रस्ता डोंगराच्या कुशीत जाऊन संपतो, कारण पुढं गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे, जे १९८६ मध्ये जाहीर झालं. चंडिकेचं देऊळ पाहून बहुतेक गाड्या परत फिरतात. पण पाटणादेवीच्या या पाटण गावाचं खरं महत्त्व एका शिलालेखात आहे, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला, आणि शके ११२८ च्या या लेखात निकुंभ वंशाच्या सोइदेवानं त्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृत आहे, पण शेवटी बाजारातल्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं हे मराठीत कोरलं आहे, कारण ते व्यापाऱ्यांना आणि तेल्यांना समजायला हवं होतं. आठशे वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याच्या या गावात गणित आणि ज्योतिष शिकवणारी शाळा होती आणि तिचा खर्च गावचा बाजार उचलत होता. हे माहीत असेल तर त्या आवारात पाय ठेवताना मन भरून येतं.

पाटणहून जंगलातून चढत पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे पायवाट जाते. इसवी सनापूर्वीच्या काळातली ही बौद्ध लेणी डोंगरापलीकडे कन्नड तालुक्यात आहेत. वाटेसाठी वनखात्याची परवानगी आणि गावातला माहितगार दोन्ही हवेत. गाडीनं जायचं तर कन्नड घाट चढावा लागतो. हा घाट अरुंद आहे, वाहतूक तुंबते, पावसाळ्यात दरडी येतात. त्याला औट्रम घाट म्हणतात तो जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानं, ज्यानं १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारली. त्याच धरणगावात १८९० मध्ये बालकवी ठोंबरे जन्मले. जळगावजवळ भादलीला १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात ते गेले तेव्हा वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं.

जळगाव शहर लवकर आटोपता येतं. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ, जे २०१२ मध्ये खुलं झालं, त्याला अर्धा दिवस द्यावा. जुन्या गावात बहिणाबाई चौधरींचं घर आहे आणि त्यांचं माहेर आसोदा शहराला लागूनच. अजिंठ्याला जळगावहून साठेक किलोमीटर पडतात. लेण्यांच्या पायथ्याशी वळण घेणारी नदी वाघूर, तीच पुढं जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते, हे लक्षात ठेवून तिकडचा रस्ता धरावा.

उत्तर काठ ही वेगळीच दुनिया आहे. विदगावचा पूल ओलांडला की केळी सुरू होते आणि यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा मैलोन् मैल तिचा हिरवा पट्टा चालतो. एवढ्या तापलेल्या मुलखात पाण्याला हपापलेलं हे पीक कसं, असा प्रश्न पडलाच पाहिजे. उत्तर सातपुड्यात आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी पायथ्याशी गोटे आणि वाळूचा जाड थर रचला आहे, त्यात पावसाचं पाणी खोल मुरतं आणि खालच्या गाळाच्या जमिनीला विहिरींतून मिळतं. शतकानुशतकं साठलेलं ते पाणी गेल्या काही दशकांत फार वेगानं उपसलं गेलं, म्हणून आज प्रत्येक बागेत ठिबकच्या नळ्या दिसतात. पावसाच्या सुरुवातीला लावलेली ती मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपासची ती कांदेबाग. बागेच्या कडेनं शेवरी किंवा उंच गवताची ओळ असते, उन्हाळी झळांनी पानं फाटू नयेत म्हणून. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कापणी चाललेली दिसली तर थांबून विचारावं. घड उतरवणं, फण्या काढणं, धुणं, भरणं हे सगळं रस्त्याच्या कडेलाच चालतं.

फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, संयोजनात धनाजी नाना चौधरी, आणि बांबू-चटयांनी उभारलेल्या टिळकनगरची सजावट नंदलाल बोसांची. तिथून सातपुड्यात शिरून पालला जावं. थंड हवा, वनखात्याचं विश्रामगृह आणि भोवती यावल अभयारण्य. चोपड्याच्या बाजूला अडावदजवळ उनपदेवला गोमुखातून गरम पाणी पडतं, तर यावलच्या बाजूला मनुदेवीचा धबधबा आहे. डोंगरात शिरण्याआधी चोपडा, यावल किंवा रावेरला टाकी भरून घ्यावी.

जेवणाबद्दल एवढंच सांगतो, की हॉटेलच्या पाटीवरचं पाहून न मागता आज काय ताजं आहे ते विचारावं. शेवभाजी सगळीकडे मिळेल. पण हिवाळ्यात यावल तालुक्यातल्या बामणोदची हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजून, हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालून केलेलं भरत आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी, याची सर कशालाच नाही. वरण-बट्टीला वेळ लागतो, सकाळी सांगून ठेवलं तर दुपारी मिळते. खापरावरचे मांडे, पातोडीचा रस्सा, फौजदारी डाळ हे घरी किंवा घरगुती खानावळीत खावं.

राहण्याची सोय धुळे, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर इथं लॉजमध्ये होते, अजिंठ्याजवळ फर्दापूरला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. खेड्यात राहण्याची सोय मात्र थोडी आहे, आणि इथं इटलीचं उदाहरण उपयोगी पडतं. टस्कनी-उंब्रियाची खेडी जगभरचे लोक गाडी घेऊन पाहायला जातात, कारण १९८५ च्या कायद्यानं तिथल्या शेतकऱ्याला पाहुणे ठेवण्याची मुभा दिली आणि शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे अशी अट घातली. महाराष्ट्रानंही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. केळीच्या मळ्यात आणि पांझरेच्या फडावर अशी घरं उघडली तर सर्वांत आधी मी तिथं मुक्कामाला जाईन. इटलीची दुसरी रीतही घेण्यासारखी आहे. तिथल्या बऱ्याच जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असतो, गाडी वेशीबाहेर लावून चालत जावं लागतं. आपणही ती बस स्टँडजवळ किंवा ग्रामपंचायतीपाशी लावावी. बैलगाडीच्या मापानं झालेल्या बोळात मोटार घातली की गावाची वाट अडते.

शेवटचे दिवस पूर्वेला ठेवावेत. भुसावळच्या पुढं तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालचं. हा चांगदेव म्हणजे योगी, पाटणचा ज्योतिषी नव्हे. जवळच मुक्ताईनगर, पूर्वीचं एदलाबाद. शके १२१९ मध्ये मुक्ताबाई इथं अंतर्धान पावल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे आणि आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. संगमाच्या खाली हतनूरचं धरण, ज्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात. सकाळी नऊच्या आत पोचलं तर पक्षी जवळून दिसतात.

सणाच्या तारखा मात्र आधी पंचांगात पाहाव्यात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारांत पावरा लोकांचा भोंगऱ्या भरतो, आणि दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा. सारंगखेडा आता नंदुरबार जिल्ह्यात येतं, पण शिरपूर-थाळनेर करून आलेल्याला ते दूर नाही. जत्रेत मुक्कामाला जागा मिळत नाही, तेव्हा खोली दोंडाईचा किंवा शिरपूरला आधीच सांगून ठेवावी.